घरट्यावरच्या शिकारी पक्ष्यांची बेकायदा हत्या कशी रोखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरुड, ससाणे, घारी, भोवत्ये, गिधाडं, घुबडं यांची घरटी राखू पाहणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषयच गुंतागुंतीचा आहे.

शिकारी पक्षी नेमके कोणाला म्हणायचं?

बाकदार चोच, पकड घेणारे पंजे आणि मांसावर गुजराण, ही ढोबळ ओळख. गिधाडं क्वचितच शिकार करतात, पण ती याच गोतावळ्यातली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात अशा ५५७ जातींचा हिशेब मांडला होता. त्यातल्या १८ टक्के जाती धोक्यात आहेत आणि ५२ टक्के जातींची संख्या घटते आहे. घटीमागे जंगलतोड, विजेच्या तारा, कीटकनाशकं अशी अनेक कारणं आहेत. इथे आपण बोलतो आहोत ते फक्त जाणूनबुजून केलेल्या हत्येबद्दल.

मारणारे विणीचाच हंगाम का साधतात?

कारण तेव्हा पक्षी कुठे सापडेल हे आधीच ठाऊक असतं. एरवी ससाणा दिवसभरात कुठल्या कुठे जातो. अंडी घातली की मात्र तो एका कड्याला, एका झाडाला बांधला जातो. मादी उबवायला बसलेली असते, नर ठरावीक वाटेने भक्ष्य घेऊन येतो. बंदूकवाल्याला त्याच्या मागे फिरावं लागत नाही. तो नुसता वाट बघत बसतो.

दुसरं कारण जास्त क्रूर आहे. एक पक्षी मारला की अख्खं घरटं संपतं. बहुतेक शिकारी पक्ष्यांमध्ये उबवणीच्या काळात आणि पिल्लं लहान असताना मादी घरट्यावर असते आणि तिला खाऊ घालण्याचं काम नराचं असतं. नर परतला नाही तर मादीला उपाशी बसून राहायचं किंवा अंडी उघडी टाकून शिकारीला जायचं, एवढेच दोन मार्ग उरतात. हेन हॅरियर जातीच्या भोवत्यांमध्ये एकाच नराची कधीकधी दोन-तीन माद्यांशी जोडी असते. तिथे एका गोळीत दोन-तीन घरटी उद्ध्वस्त होतात.

हे नुकसान भरून निघायला वेळ लागतो. सोनेरी गरुड साधारण चार-पाच वर्षांचा झाल्यावर वीण घालतो, बहुधा दोन अंडी देतो, ती सहा आठवडे उबवतो आणि पिल्लू उडायला पुढचे दहा-अकरा आठवडे जातात. त्यातून बऱ्याचदा एकच पिल्लू वाचतं. मोठ्या गिधाडांचं वर्षाला एकच अंडं. फिलिपाइन्समधला गरुड तर दोन वर्षांतून एकदा एक पिल्लू वाढवतो. अशा पक्ष्यांमध्ये एक प्रौढ गेला की त्याची जागा घ्यायला बरीच वर्षं लागतात.

कोण मारतं? आणि कशासाठी?

‘शिकारी टोळ्या’ असं एका शब्दात उत्तर दिलं की मोकळं व्हायला होतं, पण ते अर्धवट आहे. मारणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. म्हणून सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

ब्रिटनमध्ये तक्रारींच्या केंद्रस्थानी असतात ग्राउस या तितरासारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली माळरानं. जितके ग्राउस जास्त, तितका शिकारीच्या दिवसाला भाव जास्त, त्यामुळे भोवत्या आणि गरुड तिथे नकोसे. काही देशांत शर्यतीची किंवा कसरतीची कबुतरं पाळणारे बहिरी ससाण्यावर राग धरून असतात. अमेरिकेत २००७ साली वन्यजीव खात्याने छुपी चौकशी करून पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा काही कबुतर मंडळांच्या लोकांना पकडलं होतं. मेंढपाळ आणि कोंबड्या पाळणारे आपला माल वाचवायला विष घालतात किंवा सापळा लावतात.

चौथा गट अंडी-पिल्लं चोरणाऱ्यांचा. यातले काही नुसते हौशी संग्राहक. अंड्याला भोक पाडून आतलं काढायचं आणि कवच कपाटात ठेवायचं, हा त्यांचा छंद. काहीजण मात्र पैशासाठी चोरतात. २०१० साली बर्मिंगहॅम विमानतळावर एका माणसाच्या अंगाला बांधलेली बहिरी ससाण्याची १४ अंडी सापडली. मुक्काम होता दुबई. तोच माणूस २०१८ मध्ये हीथ्रोवर पुन्हा पकडला गेला, तेव्हा त्याच्याकडे १९ अंडी होती.

पाचवं कारण श्रद्धेचं. २०२० च्या सुरुवातीला गिनी-बिसाऊमध्ये दोन हजारांहून जास्त गिधाडं विषाने मेली. त्यांचे अवयव, विशेषतः डोकी, जादूटोण्यासाठी वापरली जात असल्याचं पुढे आलं. सिसिलीजवळच्या मेसिना सामुद्रधुनीवर तर वेगळाच समज होता : वसंतात हनी बझर्ड हा शिकारी पक्षी न मारणाऱ्या पुरुषाची बायको त्याला फसवते. तिथली शिकार थांबवायला ॲना जिओर्दानो या तरुणपणापासून उभ्या राहिल्या. १९९८ साली त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

आफ्रिकेत आणखी एक प्रकार दिसतो. हत्ती मारणारे चोरटे गिधाडांना मुद्दाम संपवतात, कारण आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना मेलेल्या हत्तीची जागा दाखवून देतात.

पण हे पक्षी खरंच नुकसान करत नाहीत का?

करतात, कधीकधी. हे नाकारलं की समोरचा माणूस पुढचं काहीच ऐकत नाही. स्कॉटलंडमधल्या लँगहोम इथे १९९२ ते १९९७ या काळात झालेल्या अभ्यासात भोवत्यांची संख्या वाढल्यावर ग्राउसची संख्या खरोखरच दबलेली दिसली. मारणाऱ्यांचा राग निव्वळ कल्पनेतला नव्हता. पण त्याच माळावर पुढे भोवत्यांच्या घरट्यांजवळ मेलेले उंदीर आणि कोंबडीची पिल्लं ठेवून पाहिली, तेव्हा भोवत्यांनी ग्राउसची पिल्लं उचलणं खूपच कमी केलं. म्हणजे बंदुकीशिवाय मार्ग होता. तो वापरायचा का, हा प्रश्न इच्छेचा होता.

मेंढपाळांच्या बाबतीत गोष्ट आणखी वेगळी. गरुड कोकरू खाताना दिसला की गरुडानेच ते मारलं असं धरलं जातं. बऱ्याचदा ते आधीच मेलेलं असतं. तरीही काही कोकरं तो मारतोच.

या भांडणावरचा मला सर्वात पटलेला तोडगा फिनलंडचा आहे. तिथल्या उत्तर भागात रेनडिअर पाळणाऱ्यांना पूर्वी गरुडाने मारलेली जनावरं दाखवून भरपाई मागावी लागे. १९९८ पासून पद्धत बदलली. आता भरपाई ठरते ती त्या भागात गरुडांच्या किती जोड्या नांदतात आणि त्यांना पिल्लं होतात का, यावरून. मेलेलं रेनडिअर शोधत फिरायला नको, खरंखोटं करायला नको. मुख्य म्हणजे जिवंत घरटं हे पाळणाऱ्याच्या फायद्याचं झालं.

कोंबड्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पिल्लं लहान असताना वरून जाळी घालायची, लपायला झुडूप किंवा आडोसा ठेवायचा. बहुतेक नुकसान तेवढ्यानं टळतं.

कायदा काय सांगतो?

जवळपास सगळीकडे तो पक्ष्याच्या बाजूने आहे. अमेरिकेत बाल्ड ईगलसाठी १९४० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि १९६२ मध्ये सोनेरी गरुड त्यात आला. ब्रिटनमध्ये १९८१ चा कायदा, युरोपीय संघात १९७९ चा पक्षी निर्देश, भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. भारतीय कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच अंडी किंवा घरट्याला धक्का लावणं येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सीमेपलीकडच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव कराराचं बंधन आहे आणि बहिरी ससाणा त्याच्या पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे.

हे सगळं फार जुनं नाही, हेही लक्षात ठेवावं. अलास्कात १९१७ पासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारच बाल्ड ईगल मारण्याबद्दल बक्षीस देत होतं. एक लाखाहून जास्त गरुडांचे पैसे चुकते झाले. ज्यांच्या आजोबांनी गरुड मारून बक्षीस घेतलं, त्यांना तो गुन्हा वाटायला वेळ लागणारच.

कायदा एवढा कडक, मग गुन्हेगार सुटतात कसे?

कारण मेलेला पक्षी सापडतच नाही. गुन्हा घडतो दूरच्या माळावर, साक्षीदार नसताना. मारणारा मृतदेह पुरतो किंवा जाळतो. मागे उरतं ते रिकामं घरटं, आणि घरटं रिकामं व्हायला कावळा, कोल्हा, गारपीट अशी शंभर नैसर्गिक कारणं असतात. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे ट्रान्समीटर पक्ष्यांच्या पाठीवर बसवायला लागल्यापासून हे चित्र थोडं उघडं पडलं. स्कॉटलंड सरकारच्या २०१७ च्या अहवालात २००४ ते २०१६ या काळात ट्रान्समीटर लावलेल्या १३१ सोनेरी गरुडांचा माग काढला होता. त्यातले ४१ संशयास्पदरीत्या गायब झालेले निघाले, आणि अशा घटना शिकारीसाठी राखलेल्या काही ठरावीक माळांवर दाटलेल्या होत्या. २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापलेल्या अभ्यासात ५८ भोवत्यांपैकी ७२ टक्के बेकायदा मारले गेले होते किंवा तसं असण्याची दाट शक्यता होती. ट्रान्समीटर बिघडला असेल, हा बचाव नेहमी येतो. पण निरोगी उपकरणं ठरावीक माळांवरच का बिघडतात, याचं उत्तर कोणी देत नाही. २०१६ मध्ये गायब झालेल्या एका गरुडाचा ट्रान्समीटर २०२० साली स्कॉटलंडमधल्या ब्रान नदीत सापडला. तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेला होता. संदेश बाहेर जाऊ नये म्हणून.

दुसरी अडचण मालकाची. ट्रिगर ओढणारा नोकर पकडला जातो, त्याला ते करायला लावणारा घरी बसलेला असतो. स्कॉटलंडने २०१२ पासून अशा गुन्ह्यांत मालकालाही जबाबदार धरण्याची तरतूद आणली आणि २०२४ च्या कायद्याने ग्राउसच्या शिकारीला परवाना लागू केला. परवाना जाण्याची भीती दंडापेक्षा मोठी असते. श्रीमंत मालकाला दंड म्हणजे किरकोळ खर्च.

घरट्याची जागा गुप्त ठेवावी की लोकांना दाखवून त्यांच्यावरच राखण सोपवावी?

या प्रश्नावर पक्षीप्रेमींमध्ये कायम वाद असतो. माझं मत : डोळ्यात तेल घालून राखण करायला माणसं नसतील तर गुप्त. नेहमी गुप्त. माणसं असतील तर विचार करता येतो.

स्कॉटलंडमध्ये मासेमारी करणारा ऑस्प्रे १९१६ नंतर वीण घालेनासा झाला होता. १९५० च्या दशकात तो लॉक गार्टन सरोवराजवळ परतला. पक्षी संरक्षण संस्थेने आधी सगळं लपवून पहारा ठेवला. तरी १९५८ साली एका रात्री चोर झाडावर चढला आणि अंडी गेली. त्या जागी बुटाच्या पॉलिशने रंगवलेली कोंबडीची अंडी मिळाली. पुढच्या वर्षी संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा डाव टाकला. झाडाला काटेरी तार, चोवीस तास पहारा, आणि लोकांसाठी दुर्बिणी लावलेली बघण्याची जागा. काही आठवड्यांत सुमारे १४ हजार लोक आले आणि तीन पिल्लं उडाली. आज ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या दोनशेहून जास्त जोड्या आहेत.

ही गोष्ट सांगणारे ‘काटेरी तार आणि चोवीस तास पहारा’ हा भाग गाळतात. आणि पहारा असूनही सगळं निभावतंच असं नाही. २०२१ च्या एप्रिलअखेर वेल्समधल्या लिन ब्रेनिग जलाशयावर ऑस्प्रेचं घरटं असलेला खांब कोणीतरी रात्री बोटीने येऊन करवतीने कापला. घरट्यात नुकतंच पहिलं अंडं आलं होतं.

तेव्हा नोंद करताना जपा. आय-नॅचरलिस्ट आणि ई-बर्ड ही निसर्गनोंदींची संकेतस्थळं संवेदनशील जातींची अचूक जागा स्वतःहून झाकतात, पण तुमच्या फोटोतली डोंगराची कड, मंदिराचा कळस किंवा टॉवर कोणी झाकत नाही. मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे दडलेले असतात, ते आधी काढून टाका. समूहांवर ‘कुठे दिसला?’ असा प्रश्न येतो तेव्हा तालुकाही सांगू नका. रागावले तर रागावू देत.

घरट्याची राखण प्रत्यक्षात कशी करतात?

दुरून. समोरच्या टेकडीवरून दुर्बीण लावून. घरट्याखाली तंबू ठोकणं ही राखण नव्हे, तो जाच आहे.

नोंदवही हे खरं हत्यार. जोडी कधी आली, अंडी कधी घातली असावीत, नर किती वेळाने भक्ष्य आणतो, कुठल्या दिवशी कोण माणूस आणि कुठलं वाहन दिसलं, हे तारीख-वेळेसकट लिहा. पुढे नर अचानक गायब झाला तर ‘मंगळवारी सकाळी सातला तो होता आणि दुपारनंतर दिसला नाही’ हे वाक्य तपासाला दिशा देतं. ‘बरेच दिवस दिसला नाही’ या वाक्याचा काहीच उपयोग नाही.

घरट्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर दडवलेले कॅमेरे उपयोगी पडतात, पण ते लावण्याआधी जमिनीच्या मालकाची आणि वनखात्याची परवानगी घ्या. बऱ्याच देशांत परवानगीशिवाय मिळवलेलं चित्रण न्यायालयात टिकत नाही, आणि मग दोषी हसत बाहेर पडतो.

चोरीचा धोका असलेल्या ठिकाणी परवानाधारक तज्ज्ञ अंड्यांवर अदृश्य खूण करतात किंवा पिल्लांच्या पायात कडी घालतात. डीएनए तपासणी तर फारच कामाची. जंगलातून चोरलेलं पिल्लू ‘आमच्याकडच्या पाळीव जोडीचं’ म्हणून विकलं जातं, तेव्हा आईबाप जुळतात की नाही हे त्यातून उघड होतं.

फोटो काढायला थोडं जवळ गेलं तर काय बिघडतं?

बरंच. उबवणीच्या सुरुवातीला पक्षी सर्वात बिथरलेले असतात आणि घरटं कायमचं सोडू शकतात. मादी उठली की उघडी अंडी उन्हाने भाजतात किंवा गारठतात, आणि कावळे टपलेले असतातच. पिल्लं मोठी झाल्यावर धोका वेगळा : ती घाबरून पंख तयार नसताना उडी घेतात.

अंतर जातीनुसार बदलतं. अमेरिकेच्या २००७ च्या सरकारी मार्गदर्शिकेत बाल्ड ईगलच्या घरट्यापासून पायी जाणाऱ्यांनी ३३० फूट लांब राहावं असं सांगितलं आहे. लाजऱ्या जातींना तेवढं पुरत नाही. आकड्यापेक्षा पक्ष्याकडे बघा. मादी उठून बसली, मान ताणून तुमच्याकडे बघू लागली, डोक्यावर ओरडत घिरट्या सुरू झाल्या, की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. ड्रोन तर नकोच. गरुड त्याच्यावर झेपावतो आणि पात्यांनी जखमी होतो.

आणखी एक. तुम्ही गवत तुडवून केलेली वाट दुसऱ्या दिवशी चोराच्या उपयोगाला येते.

मेलेला पक्षी किंवा विष घातलेलं आमिष सापडलं तर?

हात लावू नका. हे काळजीपोटी नाही, जिवाच्या भीतीने सांगतो आहे. कार्बोफ्युरानसारखी विषं त्वचेतूनही शरीरात जातात. मुलं आणि कुत्री लगेच लांब न्या. जनावराच्या तुकड्यावर निळसर किंवा जांभळट दाणे, त्यावर मेलेल्या माश्या, जवळच पंजे घट्ट आवळून पडलेला पक्षी, ही विषबाधेची नेहमीची खूण.

फोटो काढा : आधी लांबून, आजूबाजूचा परिसर येईल असा, मग जवळून. अंदाजासाठी शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, पण पक्ष्याला चिकटून नको. जागेचे आकडे आणि वेळ लिहून घ्या. मग पोलीस किंवा वनखात्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत शक्य असेल तर लांब थांबा. पक्षी उचलून गाडीत घालून नेला तर पुरावा बिघडतो आणि उलट तुमच्यावरच बेकायदा बाळगल्याचा प्रश्न येऊ शकतो. शवविच्छेदन आणि क्ष-किरण तपासणीचा आग्रह धरा. बाहेरून ठीक दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगात शिशाचे छर्रे निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

विष सगळ्यात वाईट का मानतात?

बंदूक एकाला मारते, विष निवडत नाही. कोल्ह्यासाठी ठेवलेलं आमिष गरुड खातो, त्याचा तुकडा पिल्लांना नेऊन देतो, मेलेला गरुड गिधाडं खातात. जून २०१९ मध्ये बोत्सवानात विष घातलेल्या हत्तींच्या मृतदेहांवर ५३७ गिधाडं मेली. तो तिथल्या गिधाडांच्या विणीचा काळ होता, म्हणजे घरट्यांवरची अंडी-पिल्लं मोजलेलीच नाहीत.

स्पेनमध्ये यावर खूप काम झालं. विष हुंगून काढणारी प्रशिक्षित कुत्री तिथे २००० च्या दशकापासून माळ पिंजून काढतात. कार्बोफ्युरानची मान्यता युरोपीय संघाने २००७ मध्ये काढून घेतली. तिथला इंपीरियल गरुड १९६० च्या दशकात तीसेक जोड्यांवर आला होता. विषाविरुद्धचा पाठलाग आणि विजेच्या खांबांची दुरुस्ती, दोन्ही चालू राहिल्यावर आज त्याच्या पाचशेहून जास्त जोड्या आहेत.

धोका दिसला तर अंडी किंवा पिल्लू घरी आणून वाढवावं का?

नाही. ते बेकायदा आहे, आणि माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपला समजू लागतं. अशा पक्ष्याला पुन्हा रानात सोडता येणं अवघड. घुबडांची पिल्लं तर उडण्याआधीच घरट्याबाहेर फांद्यांवर आणि कधी जमिनीवर हिंडतात, ती ‘पडलेली’ नसतात. जखम दिसत असेल किंवा आईबाप मारले गेल्याची खात्री असेल, तरच वन्यजीव बचाव केंद्राला बोलवा.

स्थानिक लोकच मारत असतील तर बाहेरच्यांनी काय करायचं?

शिव्या देऊन काही होत नाही. नागालँडमधल्या दोयांग जलाशयाचं उदाहरण घरट्यांचं नाही, स्थलांतराचं आहे, पण शिकण्यासारखं आहे. २०१२ च्या हिवाळ्याआधी तिथे जाळ्यांत लाखाहून जास्त अमूर ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. २०१३ मध्ये तिथे एकही मारला गेला नाही. गावसभा, चर्च, सरकार आणि पक्षीसंस्था एकत्र बसले आणि ठराव गावांनी स्वतः केले. ज्यांनी जाळी लावली होती त्यांच्यातूनच राखणदार उभे राहिले. त्या हिवाळ्यात उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या ससाण्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी तिथलीच नावं दिली गेली. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी आफ्रिकेला पोचला का, हे मग गावच विचारू लागलं.

पिल्लं उडाली की राखण थांबवायची?

नाही, इतक्यात नको. उडायला लागल्यावरही काही आठवडे, मोठ्या गरुडांत काही महिने, पिल्लं आईबापांनी आणलेल्या अन्नावर जगतात आणि घरट्याच्या आसपासच असतात. त्यांना माणसाची भीती कळलेली नसते, त्यामुळे ती बंदुकीच्या टप्प्यात सहज येतात. भोवत्यांचे पहिल्या वर्षातले मृत्यू म्हणूनच फार.

रिकामं घरटंही तसंच राहू द्या. गरुड एकाच हद्दीत दोन-तीन घरटी ठेवून आलटून पालटून वापरतात, त्यामुळे यंदा ओस पडलेलं घरटं पुढच्या वर्षी भरू शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सोनेरी गरुड, समुद्रगरुड आणि ऑस्प्रे यांच्या घरट्यांना हंगाम संपल्यावरही कायद्याचं संरक्षण आहे, ते याच कारणाने. झाड तोडण्याचा विचार कानावर आला तर जमीनमालकाला लेखी कळवा, त्या पत्राची प्रत वनखात्याला द्या आणि पोच घ्या.